आधी खोली मोज, मग लेन्स घे

पत्र : काका, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, वय २४. बी.कॉम. झाल्यावर एका पतसंस्थेत नोकरीला लागले. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत ५० हजार जमवलेत. मला माणसांचे फोटो काढायचे आहेत. आज्जीचे, गल्लीतल्या तालमीतल्या पोरांचे आणि पुढं हात बसला तर पैसे घेऊन बायकांचे, लहान मुलांचे. आत्तापर्यंत सगळं मोबाइलवर केलं. दुकानदार म्हणतो, नवा कॅमेरा दोन लेन्सच्या सेटमध्ये घ्या, बॅग फ्री देतो. दादा म्हणतो, घ्यायचा तर फुल फ्रेमच घे, कमी पडतील त्याचे हप्ते कर. पप्पा विचारतात, मोबाइलमध्ये पोर्ट्रेट मोड असताना कॅमेरा कशाला? आणि वर्षभरात हौस फिटली तर पैशांचं काय? नेमका कोणता कॅमेरा आणि कोणती लेन्स घेऊ?

उत्तर :

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण कॅमेऱ्याचं नाव घेण्याआधी तू माणसांची यादी दिलीस. आज्जी, पैलवान, बायका, लहान मुलं. सल्ला द्यायला हीच माहिती लागते, आणि दुकानात ती कुणी विचारत नाही.

तुला थांबवून ठेवत नाही, उत्तर आधीच सांगतो. चांगल्या अवस्थेतला, वापरलेला, क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर घे, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, ज्याचा फोटो टिपणारा सेन्सर दादा म्हणतो त्या फुल फ्रेमपेक्षा लहान असतो. त्याच्यासोबत येते ती १८-५५ मिलिमीटरची साधी झूम लेन्स, जिला किट लेन्स म्हणतात, ती असू दे. आणि एक ५० मिलिमीटर एफ १.८ घे. बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि १८-५५ मिळून ३० हजारांच्या वर जाऊ नकोस, ५० च्या लेन्सला १० हजारांच्या आत बसव. उरतील त्यातून कार्ड, जादा बॅटरी आणि प्रकाशाचं सामान. हप्ता करायचा नाही.

आता पप्पांचा पहिला प्रश्न, कारण तो खरोखर चांगला आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा चांगलाच वाइड असतो, म्हणजे समोरचं बरंच काही एकदम घेतो, फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास. त्याच्यावर आज्जीचा चेहरा मोठा हवा तर फोन तिच्या तोंडाजवळ न्यावा लागतो, साधारण ४० सेंटिमीटरवर. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत १२ सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतं. म्हणजे नाक ४० वर आणि कान ५२ वर. फोटोत नाक कानाच्या मानाने ३० टक्के मोठं उमटतं, गाल मागे पळतात, कान लपतात. आता दोन मीटरवर जा. नाक २०० वर, कान २१२ वर, फरक फक्त ६ टक्क्यांचा. आज्जी आपल्याला रोज दिसते तशी दिसते. बऱ्याचदा लोक म्हणतात, “माझा फोटो चांगला येत नाही.” त्यांच्या चेहऱ्यात काही कमी नसतं, फोटो काढणारा फार जवळ उभा असतो.

पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो, पण जवळून बिघडलेला चेहरा तो सरळ करत नाही. काही फोन त्या मोडमध्ये दुप्पट झूम करतात. तेव्हा तू आपोआप मागे सरकतेस आणि चेहरा सुधारतो, तो अंतरामुळे. मागचं धूसर करण्याचं काम हिशेबानं होतं, त्यामुळे फेट्याचा तुरा, कपाळावर आलेले पांढरे केस, चष्म्याची काडी अशा ठिकाणी कडा फसते. मोठी प्रिंट काढलीस की ते लगेच डोळ्यात येतं. तेव्हा पप्पांना सांग, फोन वाईट नाही, पण भिंतीवर लावायचा चेहरा त्याच्याकडून नीट होत नाही.

हे अंतराचं एकदा समजलं की लेन्सचा प्रश्न अर्धा सुटतो. लेन्स चेहरा बदलत नाही. तू कुठं उभी राहणार, हे ती ठरवते. मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं मागे जावं लागतं. म्हणून दुकानात जायच्या आधी घरात मोजपट्टी घे आणि जिथं फोटो काढणार ती खोली मोज. हे मी मनापासून सांगतोय, कारण चुकीच्या लेन्सवर गेलेले पैसे बहुतेक वेळा खोली न मोजल्यामुळे गेलेले असतात.

क्रॉप सेन्सरच्या कॅननवर ५० ची लेन्स लावली आणि कॅमेरा उभा धरला, तर दीड मीटरवरून साधारण ६७ सेंटिमीटर उंचीचा भाग फ्रेममध्ये येतो. डोक्यापासून छातीपर्यंत. म्हणजे पाच फूट मोकळी जागा मिळाली की आज्जीचा फोटो झाला, आणि चेहऱ्यालाही तेवढं अंतर चांगलं. पण डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस हवा असेल तर साडेचार मीटर मागे जावं लागेल, १५ फूट. आपल्या पेठेतल्या घरांत १० बाय १२ च्या खोल्या. पाठ भिंतीला टेकली तरी जमणार नाही. तिथं १८-५५ लावायची, ३० च्या आसपास ठेवायची. ती किट लेन्स असू दे म्हटलं ते यासाठी.

८५ मिलिमीटरच्या लेन्सचं फार कौतुक ऐकशील. लेन्स सुंदर आहे, पण क्रॉप सेन्सरवर तिला छातीपर्यंतच्या फोटोलाच अडीच मीटर लागतात आणि पूर्ण माणसाला साडेसात मीटर, २५ फूट. रंकाळ्यावर, न्यू पॅलेसच्या बाजूला, शेतात ती छान चालेल. तुझ्या घरात नाही. ती दोन वर्षांनी कमाईतून घे.

आता एफ १.८ चा आकडा. तो जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते. १.८ वर आत येणारा उजेड त्याच्या साडेनऊ पटींहून जास्त. तालमीत सकाळी जो अंधुक उजेड असतो, तिथं किट लेन्सवर आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा, वाढवला की फोटोत दाणे येतात) ६४०० वर न्यावा लागेल तर ५० वर ६४० च्या आसपास काम होतं. नुसती मागची धूसरता हवी म्हणून ही लेन्स घ्यायला मी सांगत नाही. खिडकीतल्या उजेडात फ्लॅश न पेटवता काम करता यावं म्हणून सांगतोय. आणि ती पूर्ण उघडून काढू नकोस. दीड मीटरवर एफ १.८ ला जेमतेम ६ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. मान जरा तिरकी असली की एक डोळा स्पष्ट, दुसरा मऊ. एफ २.८ वर साडेनऊ सेंटिमीटर मिळतात, दोन्ही डोळे धरले जातात आणि मागची भिंत तरीही विरघळते. सुरुवातीचे काही महिने २.८ वरच राहा.

दुकानदाराच्या सेटमध्ये दुसरी लेन्स बहुतेक ५५-२५० असणार. मोकळ्यावर, माणूस भिंतीपासून लांब उभा असेल तर तिच्यावरही चांगला चेहरा निघतो. पण घरात आणि तालमीत ती बॅगेतच राहील, आणि तुझी यादी घरातली आणि तालमीतलीच आहे.

दादाचं म्हणणंही चूक नाही. जुना कॅनन ६डी किंवा निकॉन डी६१० आजही उत्तम फोटो देतो, कमी उजेडात क्रॉपपेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे उजेडाच्या दुपटीइतका पुढे. पण पैसे बॉडीतच संपतात, आणि मग माणसं फुल फ्रेमवर स्वस्तातली झूम लावून बसतात. पतसंस्थेत काम करतेस, हप्ता म्हणजे काय हे मी तुला शिकवायला नको. ज्या छंदातून अजून रुपया आलेला नाही, त्याच्यावर व्याज लावून घेऊ नकोस.

बॉडी कोणती, यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण २४ मेगापिक्सेलच्या या सगळ्या कॅमेऱ्यांत चेहऱ्याच्या फोटोपुरता फरक थोडा आहे. माझी पसंती २०१७ मध्ये आलेल्या कॅनन २००डी ला. स्क्रीन फिरते, आणि स्क्रीनवर बघून फोकस केला तर तो चेहरा ओळखतो आणि चटकन बसतो. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून बघताना मात्र त्याचे नऊच फोकस पॉइंट, त्यातला मधला तेवढा भरवशाचा. मधल्याने डोळा धरून मग कॅमेरा हलवलास तर त्या ६ सेंटिमीटरांत फोकस सुटतो. म्हणून चेहऱ्याला स्क्रीन वापर. निकॉन डी५६०० किंवा डी५३०० मिळाला तर उलटं. व्ह्यूफाइंडरमध्ये ३९ पॉइंट, बाजूच्या डोळ्यावर सरळ पॉइंट ठेवता येतो, पण स्क्रीनवरचा फोकस संथ. निकॉन घेतलास तर ५० ची लेन्स ‘एएफ-एस’ आणि ‘जी’ अक्षराची घे. जुनी ‘डी’ अक्षराची स्वस्तात पुढे करतील, पण या दोन्ही बॉडींत फोकसची मोटर नाही, त्यामुळे तिच्यावर हातानेच फोकस करावा लागेल. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम ही २०१५ ची लेन्स सगळीकडे मिळते.

एक बारीक गोष्ट, जी दुकानात सांगत नाहीत. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या बॉडींवर फ्लॅश बसवायच्या खाचेतली मधली पिन काढून टाकलेली आहे. साधे, स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅशला लांबून पेटवणारं यंत्र) त्या पिनवरच चालतात. पहिल्या २००डी वर ती पिन आहे. मार्क २ मध्ये स्क्रीनवर डोळा ओळखणारा फोकस आहे, त्यामुळे तो मोहात पाडेल. पण पुढं स्टँडवर फ्लॅश लावायचा विचार असेल तर कोणता ट्रिगर त्याच्यावर चालतो ते आधी पेटवून बघ.

नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा का सुचवत नाही, असं विचारशील. तुझ्या पैशांत मिररलेस बॉडी कदाचित बसेल, पण तिच्या जोडीला ५० सारखी लेन्स बसवणं अवघड जाईल. चेहऱ्याचं काम लेन्स करते.

आता सगळ्यात काळजीचा भाग, वापरलेला कॅमेरा घेताना. आपल्या गावात हे जास्त जपून करावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरांत आणि दुकानांत शिरलं होतं. पाण्यात गेलेलं यंत्र वाळवून, पुसून बाजारात येऊ शकतं आणि काही दिवस चालतंही. म्हणून बॅटरीचं झाकण उघडून आतली धातूची पट्टी बघ, फ्लॅशची खाच बघ, तळाचे स्क्रू बघ. हिरवट किंवा तांबूस गंज दिसला तर किंमत कितीही उतरू दे, नमस्कार करून बाहेर पड. बटणं दाबून बघ, एखादं चिकटल्यासारखं वाटलं तर तोच संशय.

दुसरा शत्रू बुरशी. इथला पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलेवरही बुरशी चढते, लेन्सचं काय घेऊन बसलीस. लेन्स काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मार आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघ. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती लेन्स घ्यायची नाही, साफ करून देतो म्हणाले तरी नाही.

मग पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढून मोठा करून बघ, सेन्सरवरचे डाग दिसतात. धूळ असेल तर निघते, ओरखडा असेल तर सोड. शटर किती वेळा उडालंय ते निकॉनच्या फोटोच्या माहितीत लिहून येतं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ते सहज दिसत नाही, तिथं बाहेरची झीज, रबराची पकड आणि विकणारा काय काम करत होता, यावरून अंदाज बांधावा लागतो. या वर्गातल्या निकॉनची शटर एक लाखाला तपासलेली असतात. लग्नाच्या दोन-तीन सीझनला वापरलेला कॅमेरा सोडून दे, घरगुती वापराचा शोध. बिल माग, बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी जुळवून बघ. आणि भेट दिवसाउजेडी, आपलं कार्ड घेऊन. त्याच कार्डावर दहावीस फोटो काढून घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. शक्य असेल तर आधी एखाद्या रविवारी तोच कॅमेरा आणि ५० ची लेन्स भाड्याने घेऊन तालमीत फिरवून बघ, हाताला जड जातो का तेही कळेल.

घेतल्यावर तो कापडी बॅगेत कपाटात कोंबायचा नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल. पुड्या ओलसर झाल्या की बदल. आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उडत असताना लेन्स बदलायला काढायची नाही. घरून जी लावून निघशील तीच दिवसभर.

आता उरलेल्या पैशांचं. आपल्याकडे याच गोष्टीवर सगळ्यात कमी बोललं जातं. पहिले तीन महिने फ्लॅश घेऊच नकोस. फ्लेक्स-प्रिंटिंगच्या दुकानातून पांढऱ्या सनबोर्डचा तीन बाय चार फुटांचा तुकडा आण. आज्जीला खिडकीच्या बाजूला बसव, खिडकीकडे तोंड करून नाही, खिडकी तिच्या एका गालाकडे येईल अशी. दुसऱ्या गालाकडे तो पांढरा बोर्ड धर, जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. खोलीतली ट्यूबलाइट बंद कर, नाहीतर चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन रंग येतात. खिडकीत कडक ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा धुतलेलं धोतर लाव. कॅमेरा मॅन्युअलवर, एफ २.८, शटर १/१६०, आयएसओ ऑटो, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेली मूळ फाइल. आकडे एवढेच.

घराच्या कोणत्या खिडकीत किती वाजता उजेड येतो याची वहीत नोंद ठेव, आणि ती ऋतूप्रमाणे बदलते हे लक्षात ठेव. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं वर्षातून दोनदाच, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, गाभाऱ्यापर्यंत पोचतात. आपण कोल्हापूरकर ते बघायला गर्दी करतो. तुझ्या खिडकीचाही असा हिशेब आहे, तो तुला पाठ हवा.

एक काम मात्र आजच कर, त्याला कॅमेराही लागत नाही. टाउन हॉल म्युझियममध्ये जा. तिथं आबालाल रहमान, बाबूराव पेंटर अशा कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं आहेत. माणसांच्या चित्रांसमोर उभी राहून प्रत्येकात एवढंच शोध : उजेड कुठून येतोय, नाकाची सावली कुठं पडलीय, डोळ्यातला पांढरा ठिपका कुठं आहे, मागची बाजू चेहऱ्यापेक्षा गडद आहे की फिकी. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. त्यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये त्यावरचा मूकपट लोकांपुढे आणला. चेहऱ्यावर उजेड कसा बसतो हे शिकायला आपल्याला बाहेरगावी जावं लागत नाही, याचा मला अभिमान वाटतो.

तालमीत जाताना आधी वस्तादांना भेट, घरच्या कुणाला तरी घेऊन जा, कशासाठी फोटो हवेत ते सांग. चपला बाहेर, आणि बोलावल्याशिवाय लाल मातीत पाय नाही. जोर-बैठका चालू असताना मध्ये शिरू नकोस. मेहनत संपली की पोरं दाराशी येऊन बसतात, श्वास खाली बसत असतो, अंगावर माती आणि घाम असतो. दारातून येणारा उजेड तेव्हा चेहऱ्यावर आपोआप तिरका पडतो. मागं काळोख असतो. ५० ची लेन्स, पाच-सहा फूट अंतर. बोलत राहा आणि बोलता बोलता काढ. ज्याचा काढलास त्याला छोटी का होईना, प्रिंट नेऊन दे. पुढच्या वेळी तुला परवानगी मागावी लागणार नाही.

आणि एक विनंती. पुढं पैसे घेऊन काम करशील तेव्हा “जरा गोरं करून द्या” असं सांगणारे भेटतील. करू नकोस. उन्हात राबलेल्या, सावळ्या कातडीचा रंग, तिच्यावरची चमक, सुरकुत्यांतली सावली, हेच तर टिपायला तू निघालीस. पांढरा फेटा किंवा धोतर असेल तर फोटो किंचित गडद ठेव, म्हणजे कापडाचा पोत जात नाही, आणि चेहरा नंतर रॉ फाइलमधून थोडा वर आण. पण त्याचा रंग त्याचाच राहू दे. सॉफ्टवेअरने गुळगुळीत केलेला चेहरा घरच्यांनाही ओळखीचा वाटत नाही.

राहता राहिला पप्पांचा दुसरा प्रश्न, हौस फिटली तर काय. नव्या सेटची किंमत दुकानाची पायरी उतरताच पडते. वापरलेल्या बॉडीची पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, आणि ५० एफ १.८ ला गिऱ्हाईक कायम असतं. बिलं आणि खोकी जपून ठेवलीस तर वर्षभराने विकताना नव्या सेटच्या मानाने बरंच कमी नुकसान होईल. हा हिशेब कागदावर मांडून पप्पांना दाखव, आणि कॅमेरा बघायला जाशील तेव्हा त्यांनाच सोबत घेऊन जा. स्क्रूवरचा गंज त्यांच्या नजरेला आधी दिसेल.